निळी तार

देवी, आधी कबूल करतो:
तुला न विचारता तुझा सिनेमा पाहून आलो.
मंगळवारी, दुपारचा खेळ,
पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून.
शेजारी दोन शाळकरी पोरी, रडायला रुमाल काढून बसलेल्या.
त्यांना काय ठाऊक, बाजूचा म्हातारा
रोज सकाळी तुझ्या पायऱ्या झाडतो.

तुला त्यांनी सोळा वर्षांची केलीय.
केस निळे, गुडघ्यापर्यंत,
डोळे एवढे की एकेकात ढग मावावा.
नदीवरून अनवाणी धावतेस,
रुसलीस की पूर येतो.
पूर तेवढा खरा.
बाकीचं मी कोण सांगणार?
गाभाऱ्यात आरसा आहे म्हणतात, रेशमात गुंडाळलेला.
नऊ पिढ्या आम्ही पुजारी, कुणी गाठ सोडली नाही.
तुझा चेहरा असा नाही म्हणायला
तो कसा आहे ते माहीत असावं लागतं.

राग एकाच गोष्टीचा आला.
पडद्यावर देऊळ ओसाड.
पुजारी कधीच मेलेला, त्याला नावसुद्धा नाही.
तोरीवर वेली, पायऱ्यांना शेवाळ,
आणि तू एकटी, सगळ्यांनी विसरलेली.
अंधारात मी जवळजवळ उभाच राहिलो:
अहो, मी आहे ना! इवागाकी तेत्सुरो, जिवंत.
परवाच वळलाय भाताच्या काडांचा नवा दोर,
आणि पीळ डावा दिलाय, डावा.
तुमच्या चित्रात तो उलटा आहे!

तेवढ्यात ती दिसली.
उजव्या कोपऱ्यातला पन्हळीचा नळ
आणि त्याला तीन वेढे देऊन बांधलेली
निळी तार.

वादळाच्या रात्री मीच बांधली होती.
तोंडात टॉर्च. शिडी हारुएने धरलेली,
खालून ओरडत होती,
उतरा आता, तिचं ती बघून घेईल!
पुढच्या वसंतात हारुए गेली.
ती तार कुणाच्या नजरेस पडली असेल
असं मला कधी वाटलं नव्हतं.
पडद्यावर चार सेकंद. मोजले.
शेवटच्या वेढ्याचं टोक वाकडं,
तेही तसंच.

आता माणसं येतात.
नवसाच्या लाकडी पाट्यांवर पूर्वी असायचं:
गुडघेदुखी, परीक्षा, सुखरूप बाळंतपण.
आता वर तुझं चित्र, मोठ्या डोळ्यांचं,
आणि खाली तेच:
गुडघेदुखी, परीक्षा.
पालखीला गेली तीन वर्षं सहाच खांदे उरले होते,
तुला छोट्या ट्रकमधून फिरवलं, माफ कर.
यंदा बावीस जण. निम्म्यांच्या डोक्यावर निळे टोप.
वरच्या गावचे पुजारी कुजबुजले, हे असं चालतं का?
म्हटलं, खांदे खरे आहेत.

नोव्हेंबरात एक बाई आली, तिशीची,
उजव्या मनगटाला पट्टा.
नेरिमाच्या स्टुडिओत मागची दृश्यं रंगवते,
नाव कुरेबायाशी.
दोराच्या पिळाबद्दल कमरेत वाकून माफी मागितली.
मी तारेचं विचारलं.
म्हणाली, वरचे म्हणत होते, पुसून टाक, बरी दिसत नाही.
मग?
कुणीतरी काळोखात बांधलीय, ते दिसत होतं,
म्हणाली.
जाताना तिने एक पाटी टांगली. चित्र नाही.
वाचू नये, पण मी वाचतो:
झोप लागू दे.

तर देवी, आता खरं काम.
नळ गंजलाय. नगरपालिकेने पैसे मंजूर केलेत.
नवा प्लास्टिकचा येतो, खटकन बसतो, तार लागत नाही.
तरी दुकानातून मीटरभर घेतली.
दुकानदाराने विचारलं, कशाला?
मी रंग बघत राहिलो,
नेमका हाच निळा होता की थोडा फिका.

उद्या सकाळी, झाडून झालं की चढतो.
शिडी भिंतीला टेकवीन, खाली दगड लावीन.
धरायला कुणी नाही.
खालून काही ओरडायचं असेल
तर ओरड.